अपुरा हात, शेवटची जागा

पत्ते आणि प्रशासन हे दोन शब्द एका ओळीत आले की मराठी वाचक थोडा सावध होतो. त्यात त्याचा दोष नाही. वेळ वाया घालवण्याला आपल्या भाषेत 'पत्ते कुटणे' असा वाक्प्रचारच आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन हे डाव आपल्या घरी रंगतात. पण त्यात पैसा आला की वडीलधारी मंडळी डाव मोडून टाकतात. नोकरीनिमित्त उत्तर भारतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र दिवाळीच्या दिवसांत वेगळेच दृश्य दिसते. एरवी अत्यंत सोवळी वाटणारी घरे त्या दिवसांत तीन पत्तीचे डाव मांडतात आणि ते शुभ मानतात. पत्त्यांकडे पाहण्याची दृष्टी प्रांताप्रांतांत कशी बदलते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आज मला पोकर या खेळातील एका विशिष्ट परिस्थितीविषयी लिहायचे आहे. हात अजून पुरा झालेला नाही, तो पुरा होण्याची शक्यता आहे, आणि बोलण्याची पाळी आपली सर्वांत शेवटी आहे, अशी ती परिस्थिती. शासकीय निर्णयप्रक्रियेविषयी या परिस्थितीने मला जे शिकवले, ते अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासानेही इतक्या स्वच्छपणे शिकवले नव्हते.

प्रथम कायद्याची बाजू सांगतो, कारण शासकीय सेवकाने ती आधी सांगावी हे बरे. कौटिल्याने द्यूतावर बंदी घातली नाही. द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेचा शेकडा पाच भाग राज्याने घ्यावा, अशी व्यवस्था त्याने सांगितली. इंग्रजांनी १८६७ साली सार्वजनिक जुगाराविरुद्ध कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि त्याच निकालात तीन पानी खेळाची गणना निव्वळ नशिबाच्या खेळात केली. पोकर या दोहोंपैकी कोणत्या बाजूला बसतो, यावर आपल्या उच्च न्यायालयांची मते जुळली नाहीत. गोव्यात मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंत तो परवान्याने खेळला जातो. मात्र पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, संसदेने २०२५ च्या कायद्याने निषिद्ध ठरवले. मी स्वतः पैसे लावून कधीही खेळलेलो नाही आणि कोणी खेळावे असेही सुचवत नाही. या खेळातला विचार तेवढा आपल्या कामाचा आहे.

तो विचार अर्थशास्त्रज्ञांना परका नाही. जॉन फॉन नॉयमान आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ सालच्या ज्या ग्रंथातून खेळांचा सिद्धांत उभा राहिला, त्यात पोकरचे सविस्तर विवेचन आहे. जॉन नॅश यांच्या १९५० सालच्या प्रबंधातही तीन खेळाडूंच्या एका सोप्या पोकरचे उदाहरण आहे. बुद्धिबळात सर्व मोहरी उघड्यावर असतात. पोकरमध्ये काही गोष्टी दिसतात, काही लपलेल्या असतात, आणि तरीही ठरलेल्या वेळी निर्णय घ्यावाच लागतो. मंत्रालयातील टेबल या दुसऱ्या प्रकारचे आहे, हे सांगायला नको.

पोकरचा आज सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने २००७ साली ठराव करून रॉब्सटाउन या गावाला त्याच्या जन्मस्थानाचा मान दिला. लास वेगास येथे १९७० पासून त्याची जागतिक स्पर्धा भरते. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतील एक हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून त्या स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलरचे पहिले बक्षीस घेऊन गेला. त्यानंतर अमेरिकेत या खेळाची लाट उसळली. नेमक्या त्याच काळात, २००४-०५ साली, मी शासनातर्फे एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी तेथे होतो. शुक्रवारी रात्री वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात डाव मांडला जाई. प्लॅस्टिकच्या चकत्यांना पैशाची किंमत नव्हती. ज्याच्या चकत्या संपतील त्याने सर्वांचे कप धुवायचे, एवढीच शिक्षा होती.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन पाने झाकलेली मिळतात. मग टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी म्हणून पाच पाने उघडली जातात: प्रथम एकदम तीन, ज्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, टर्न, आणि शेवटी एक, रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच, अशा सात पानांतून सर्वोत्तम पाच पानांचा हात ज्याचा, तो मधली साचलेली रक्कम, म्हणजे पॉट, घेऊन जातो. पाने उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक टप्प्यानंतर पैज लावण्याची फेरी होते. नो-लिमिट प्रकारात कोणीही कधीही आपल्यापुढच्या सर्व चकत्या पणाला लावू शकतो. तीन पत्तीत ज्याला आपण कलर म्हणतो, त्याला येथे फ्लश म्हणतात. फक्त पाने पाच लागतात. वाटपाची खूण म्हणून 'बटन' नावाची एक चकती असते, ती दर डावाला डावीकडे सरकते. ज्याच्यापुढे बटन, तो फ्लॉपनंतरच्या तिन्ही फेऱ्यांत सर्वांत शेवटी बोलतो. यालाच पोझिशन म्हणतात.

आता एक प्रत्यक्ष डाव घेऊ. बटन माझ्यापुढे होते आणि हातात बदामची दश्शी व नव्वी होती. फ्लॉपमध्ये बदामचा राजा, बदामची चौकी आणि किलवरची सत्ती आली. इतरांनी पाने टाकली होती. समोर टेक्सासचाच एक सहाध्यायी उरला होता. पॉटमध्ये १०० चकत्या होत्या आणि त्याने ५० ची पैज लावली. माझ्याकडे चार बदाम झाले होते, पाचवा हवा होता. त्या क्षणी माझा हात म्हणजे काहीच नव्हते. साधी जोडीसुद्धा नव्हती. अशा हाताला ड्रॉ म्हणतात. मी त्याला अपुरा हात म्हणेन.

अपुऱ्या हाताची किंमत काय? न दिसलेली पाने ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे पुढच्याच पानाला हात पुरा होण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. टर्न आणि रिव्हर ही दोन्ही पाने पाहायला मिळाली तर सुमारे ३५ टक्के. मला ५० भरून १५० मिळवायचे होते, म्हणजे चारातून एकदा जिंकलो तर बरोबरी. पुढच्या एका पानाचा विचार केला तर शक्यता पाचातून एकदा इतकीही नाही. केवळ या हिशेबाने पाहिले तर पाने टाकावीत हेच योग्य.

परंतु हिशेब येथे संपत नाही. बदाम आला, तर पुढच्या फेऱ्यांत समोरच्याकडून आणखी काही मिळेल. ते 'आणखी' किती हवे, हे काढता येते. नऊ वेळा १५० अधिक ते 'आणखी' मिळणार आणि अडतीस वेळा ५० जाणार. दोन्ही बाजू समान होण्यासाठी हात पुरा झाल्यावर सरासरी ६१ चकत्या आणखी मिळायला हव्यात. समोरच्यापुढे ४०० चकत्या होत्या आणि राजाच्या जोडीवर तो सहजासहजी माघार घेणारा नव्हता. म्हणून पैज भरणे योग्य होते. समजा त्याने ५० ऐवजी १०० लावले असते आणि त्याच्यापुढे जेमतेम आणखी १०० उरले असते, तर मला २२२ आणखी मिळायला हवे होते, आणि ते अशक्यच होते. तीच पाने, तीच शक्यता, तरी निर्णय उलटा झाला असता. अपुऱ्या हाताची किंमत त्या पानांत पुरती नसतेच; आज मागितलेली रक्कम आणि उद्या मिळू शकणारी रक्कम यांच्या नात्यात ती असते. येथे एक सावधगिरीही हवी. आपला फ्लश दश्शीचा असेल आणि समोरच्याकडे एक्क्याचा, तर हात पुरा होऊनच आपण अधिक गमावतो. पुऱ्या झालेल्या प्रत्येक योजनेचा लाभ होतोच असे नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आता जागेचे महत्त्व. टर्नवर इस्पिकची दुर्री आली. निरुपयोगी. पॉट २०० चा झाला होता. समोरच्याने या वेळी पैज न लावता डाव माझ्याकडे सोडला. मी शेवटी बोलणार असल्याने माझ्यापुढे दोन मार्ग होते. मीही पैज न लावता शेवटचे पान फुकट पाहणे, हा पहिला. शिल्लक ४६ पानांत ९ बदाम, म्हणजे या मार्गाची किंमत साधारण ३९ चकत्या. दुसरा मार्ग म्हणजे हात पुरा नसतानाच १२० ची पैज लावणे. समोरचा घाबरून पाने टाकील तर २०० तेथेच मिळतील. त्याने पैज भरली तरी पाचातून जवळजवळ एकदा बदाम येईलच. डेव्हिड स्क्लान्स्की या पोकर-लेखकाने या चालीला 'सेमी-ब्लफ' असे नाव दिले. निम्मी हूल म्हणा. पुढच्या फेरीची पैज बाजूला ठेवली तर गणित असे निघते: समोरचा दहातून तीनपेक्षा थोड्या अधिक वेळा माघार घेणार असेल, तर हूल फायद्याची, नसेल, तर फुकटचे पान फायद्याचे. हा सहाध्यायी क्वचितच माघार घेई. मी पान फुकट पाहिले. किलवरची तिर्री आली, त्याने पैज लावली, मी पाने टाकली. माझे नुकसान ५० चकत्यांचे झाले, आणि मला सर्व माहिती असती तरी मी तसेच खेळलो असतो.

हाच हात मला सर्वांत आधी बोलावे लागणाऱ्या जागेवरून खेळावा लागला असता तर? टर्नवर मी गप्प बसलो असतो तर शेवटच्या पानाची किंमत समोरच्याने ठरवली असती. बदाम आला असता आणि मी मोठी पैज लावली असती, तर तो सावध होऊन निघून गेला असता. मी गप्प राहिलो असतो तर कदाचित तोही गप्प राहिला असता आणि पुरा झालेला हात कवडीमोल ठरला असता. शेवटी बोलणाऱ्याला स्वस्तात हरता येते आणि जिंकल्यावर पुरते वसूल करता येते. त्याची पाने काही अधिक चांगली नसतात. त्याने इतरांचे बोलणे आधी ऐकलेले असते.

अर्थशास्त्रात हाच विचार वेगळ्या मार्गाने आला. मुंबईत जन्मलेले अविनाश दीक्षित आणि रॉबर्ट पिंडाइक यांनी १९९४ साली अनिश्चिततेखालील गुंतवणुकीवर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की ज्या गुंतवणुकीत घातलेला पैसा परत काढता येत नाही, तिच्याबाबतीत थांबून माहिती मिळवण्याच्या संधीलाही स्वतःची किंमत असते. केवळ आजचा लाभ आजच्या खर्चाहून अधिक आहे म्हणून उडी घेणे पुरेसे नाही. माझ्या मते पोकरमधील फुकटचे पान आणि ही थांबण्याची किंमत हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे आहेत.

सार्वजनिक धोरणात याचे एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रेरणेने राज्यात रोजगार हमी योजनेने मोठे रूप घेतले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. केंद्राने असाच कायदा २००५ साली केला. त्याची अंमलबजावणी २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या टप्प्यात १३० जिल्हे जोडले गेले आणि १ एप्रिल २००८ पासून उरलेले ग्रामीण जिल्हे आले. म्हणजे दिल्लीपुढे बटन होते. महाराष्ट्राने तीस वर्षे आधी बोलून ठेवले होते. हजेरीपटात काय होते, कामे कशी निवडली जातात, मजुरी कुठे अडकते, हे सर्व केंद्राला पाहता आले. त्यावरही केंद्राने सर्व चकत्या एकदम पुढे न सरकवता टप्प्याटप्प्याने पाने पाहिली. त्या योजनेच्या यशापयशाविषयी मतभेद असू शकतात. खेळण्याची रीत मात्र पाहण्यासारखी होती.

या उदाहरणातच तुलनेची मर्यादाही दिसते. महाराष्ट्राने आधी बोलायचे नाकारले असते तर? दुष्काळात पाने पाहत बसण्याची सवलत नव्हती. पोकरमध्ये वाट पाहण्याची किंमत मीच भरतो. शासनात ती किंमत भरणारा माणूस टेबलावर बसलेलाच नसतो. धारिका सहा महिने 'चर्चा करावी' या शेऱ्यावर थांबली तर संबंधित अधिकाऱ्याला ते पान फुकट वाटते. प्रत्यक्षात त्याचे पैसे कुठल्यातरी तालुक्यात कोणीतरी भरत असतो. म्हणून शेवटी बोलण्याच्या अधिकाराचा अर्थ बोलणे लांबवण्याचा अधिकार असा घेता येणार नाही. शेवटी बोलणाऱ्याने बोलायचे असते.

दुसरा फरक असा की पोकरमध्ये बटन दर डावाला सरकते. आज ज्याला सोयीची जागा मिळाली, त्याला काही डावांनी गैरसोयीच्या जागेवर बसावेच लागते. आपल्या कार्यालयांत ते सरकत नाही. योगायोग असा की धारिकेवर पहिली टिप्पणी लिहिणाऱ्या सहायकाला दिल्लीच्या कार्यालयीन भाषेत 'डीलिंग हँड' असेच म्हणतात. तो बिचारा नेहमी आधी बोलतो. त्याच्यानंतर अनुभाग अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, संयुक्त सचिव, वित्तीय सल्लागार. जो जितका वर, त्याच्यापुढे तितकी माहिती अधिक. याचा एक चांगला उपयोग आहे: कनिष्ठाने आधी बोलले की वरिष्ठाच्या मताचे दडपण त्याच्यावर येत नाही. सैनिकी न्यायालयात कनिष्ठ सदस्याचे मत आधी घेण्याची प्रथा याच कारणासाठी आहे. पण मग ज्याने सर्वांत कमी माहितीवर मत दिले, त्याला सर्वांत अधिक माहिती असणाऱ्याच्या मापाने तपासणे अन्यायाचे ठरते. आणि हे आपल्याकडे सर्रास होते. लेखापरीक्षक, चौकशी अधिकारी, समिती, वृत्तपत्रे हे सारे तर त्याहूनही सोयीच्या जागेवर असतात. पाचही पाने उघडल्यावर ते टेबलावर येतात.

यात खऱ्या माणसांचे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला विभागीय चौकशीला सामोरे जावे लागले. खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातील सहा गावांत पिण्याच्या पाण्याचे एक नवे तंत्र प्रायोगिक पातळीवर वापरण्यास त्यांनी मंजुरी दिली होती. खर्च दोन कोटींच्या आतला. यशस्वी झाले असते तर शेकडो गावांचा टँकरचा खर्च दरवर्षी वाचला असता. दुसऱ्या उन्हाळ्यात यंत्रणेचे पाणी घटले आणि प्रयोग थांबवण्यात आला. काही वर्षांनी लेखापरीक्षेत 'निष्फळ खर्च' असा आक्षेप आला, त्यावरून आरोपपत्र बजावले गेले आणि त्यांच्या पदोन्नतीचा निर्णय मोहोरबंद लिफाफ्यात गेला. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. नियमानुसार आरोपित अधिकाऱ्याला दुसऱ्या शासकीय सेवकाची मदत घेता येते. त्यांनी मला बचाव सहायक म्हणून बोलावले.

मी मूळ धारिका मागवून वाचली. त्यांच्या टिप्पणीत चार गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या होत्या: यशाची शक्यता त्यांच्या अंदाजाने तिनात एक, प्रयोगाच्या खर्चाची कमाल मर्यादा, यश आल्यास होणारी वार्षिक बचत, आणि कोणत्या महिन्यात कोणते मोजमाप खाली गेले की प्रयोग थांबवायचा. त्या महिन्यात ते मोजमाप खाली गेले आणि प्रयोग खरोखरच थांबवला गेला. यापेक्षा शिस्तीने अपुरा हात खेळता येत नाही. चौकशीत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: "पण योजना फसली की नाही?" मी दर वेळी एकच उत्तर दिले की फसली, आणि तिनात दोनदा फसेल हे मंजुरीच्या दिवशी धारिकेवर लिहिलेले होते, वरिष्ठांनी ते वाचून सही केली होती. पोकरचा उल्लेख मी अर्थातच केला नाही.

आरोप सिद्ध झाले नाहीत. तो आदेश निघाला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन महिने होऊन गेले होते. पदोन्नती कागदोपत्री मागील तारखेने मिळाली, निवृत्तिवेतनात काही रुपये वाढले. ज्या खुर्चीवर बसून त्यांना आणखी चार प्रयोग करता आले असते, ती खुर्ची मात्र मिळाली नाही. त्याहून मोठी हानी वेगळीच झाली. त्या विभागातील तरुण अधिकाऱ्यांनी या प्रकरणातून एकच धडा घेतला: तिनात एक शक्यतेच्या वाटेला जाऊ नये. त्याच काळात दुसऱ्या एका ठिकाणी कोणताही प्रायोगिक टप्पा न घेता, शक्यतेचा एकही आकडा कागदावर न ठेवता, एक योजना एकदम सर्वत्र लागू झाली. सुदैवाने ती चालली आणि संबंधितांना प्रशस्तिपत्र मिळाले. रिव्हरवर बदाम आला, एवढेच.

निकालावरून निर्णयाची प्रत ठरवण्याच्या या सवयीला पोकर खेळाडूंमध्ये 'रिझल्टिंग' असा शब्द आहे. पूर्वी व्यावसायिक खेळाडू असलेल्या ॲनी ड्यूक यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात तो सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला. त्याच वर्षी आपल्याकडे एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये असा एक भाग होता की सार्वजनिक हित नसताना कोणालाही आर्थिक लाभ मिळवून दिला, तर अधिकाऱ्याचा हेतू वाईट नसतानाही गुन्हा ठरू शकत असे. आणि सार्वजनिक हित होते की नव्हते, याचा न्याय निकाल लागल्यावर होई. २०१८ च्या दुरुस्तीने तो भाग वगळण्यात आला. कायदा बदलला. मनाची सवय बदलायला वेळ लागेल, कारण ती कोणत्याही कलमात लिहिलेली नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. प्रत्येक फसलेल्या निर्णयाला 'पान आले नाही' असे म्हणून अधिकारी सुटतील का? सुटू नयेत. म्हणूनच हिशेब आधी कागदावर हवा. जो खेळाडू हरल्यानंतर शक्यतेच्या गोष्टी सांगतो त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ज्याने पैज भरण्यापूर्वी आकडे मांडले त्याला तपासता येते. त्याचा अंदाज मुळातच चुकीचा असेल तर तेही दिसते. तिनात एक म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचे तीस निर्णय पाहिले आणि त्यांतील एकही यशस्वी नसेल, तर त्याला जाब विचारायलाच हवा. पण एका पानावरून विचारू नये.

तेव्हा माझ्या तरुण सहकाऱ्यांना, विशेषतः घरापासून दूर, अनोळखी भाषेच्या जिल्ह्यात पहिल्यांदाच स्वतंत्र सही करणाऱ्यांना, माझी सूचना साधी आहे. ज्या प्रस्तावाचे यश अनिश्चित आहे, त्याच्या टिप्पणीत पाच ओळी अवश्य लिहाव्यात. आज किती खर्च होणार. यशाची शक्यता आपल्या मते किती. यश आले तर मिळणारे किती. पुढचा टप्पा कोणत्या माहितीवर ठरणार. आणि कुठे थांबायचे. सहावी ओळ मी अलीकडे स्वतः लिहू लागलो आहे: थांबलो तर त्याची किंमत कोण भरणार. आणि ज्यांच्यापुढे बटन आहे, म्हणजे जे शेवटी सही करतात, त्यांनी खाली आधी बोललेल्या माणसाचे नाव आणि त्याने तेव्हा जाणलेली माहिती, दोन्ही आपल्या शेऱ्यात नोंदवावीत. ती नोंद पुढे त्याच्या बचावाला येईल. ती करायला एक मिनिटही लागत नाही.